शेर कोणता, मण कोणता?

[आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर. भाषणात आलेली कोष्टके भगिनींच्या सोयीसाठी शेवटी एकत्र दिली आहेत.]



वर्धापनदिनाच्या भाषणाचा विषय कसा असावा याबद्दल एक ठरलेली समजूत असते. तो संस्कारांचा असावा, शिक्षणाचा असावा, निदान आरोग्याचा तरी असावा. आजचा विषय जुनी वजने आणि मापे हा आहे असे कळल्यावर पलीकडच्या इमारतीतल्या एका बाईंनी मला जिन्यातच गाठून विचारले, "अहो, यात बोलण्यासारखे काय आहे? आता सगळे किलोतच मिळते की!" मला वाटते, बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या गोष्टीत आपल्या अंगावरचे सोने, डब्यातले धान्य आणि पिशवीतली भाजी गुंतलेली आहे, तिच्याविषयी बायकांनी नाही बोलायचे तर कोणी बोलायचे?

शेर आणि मण कायद्याने जाऊन साठ वर्षे उलटली. पण आपल्या तोंडून ते गेलेले नाहीत. मंडईत आपण आजही "पावशेर मिरच्या द्या" म्हणतो. कोणाला कोणी वरचढ भेटला की शेरास सव्वाशेर मिळतो. नाजूक प्रकृती तोळामासा असते, मुबलक वस्तू पायलीला पन्नास मिळते, उत्साह शिगेला पोचतो, आणि एखादा दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही. यातली शीग आणि पासंग म्हणजे काय, हे इथे बसलेल्या तरुण मुलींना कदाचित ठाऊक नसेल. पायली भरताना काठाच्या वर धान्याची जी निमुळती रास उभी राहते ती शीग. रिकाम्या तराजूचे एक पारडे झुकत असेल, तर ते सारखे करण्यासाठी दुसऱ्या बाजूला जो बारीकसा दगड किंवा लोखंडाचा तुकडा बांधतात तो पासंग. आणि नवी नवरी घरात येते तीच मुळी माप ओलांडून. उंबऱ्यावर तांदळाने भरलेले माप ठेवायचे, तिने ते उजव्या पायाने लवंडायचे आणि मग आत पाऊल टाकायचे. ज्या घरात मापाशिवाय पहिले पाऊलसुद्धा पडत नाही, त्या घरातल्या बाईला माप कळू नये, हे काही बरे नाही.

आपल्या वस्तीला ज्यांचे नाव आहे, ते तुकोबाही देहूचे वाणी होते. त्यांनी स्वतः दुकान चालवले, तराजू हातात धरला, आणि १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात ते दुकान बुडालेले पाहिले. तेव्हा संत तुकाराम नगरात तराजूची गोष्ट काढणे गैर ठरू नये.

या विषयाची आपल्याला इतरांपेक्षा जास्त गरज का आहे, तेही सांगते. हा सगळा पट्टा बाहेरून आलेल्या माणसांनी उभा केला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, १९६२ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, कारखान्यांमागून कारखाने आले आणि त्यांच्यामागून माणसे आली. आज आपल्या एकेका जिन्यात एक घर रत्नागिरीकडचे, एक जळगावचे, एक लातूरचे, तर एक बेळगावचे आहे. प्रत्येकीने येताना आपली भाषा आणली, आपला मसाला आणला आणि नकळत आपले मापही आणले. घरातली मुलगी किंवा मुलगा भोसरीच्या कारखान्यात मायक्रॉनपर्यंत मोजतो. स्वयंपाकघरात मात्र आपण चिमूट, मूठ आणि ओंजळ यांवर चालतो. तिथपर्यंत काही बिघडत नाही, कारण हात आपला आणि घरही आपले. पण दिवाळीच्या फराळाला चौघी एकत्र बसल्या आणि एकीने "आमच्याकडे शेरभर तांदळाला" असे म्हटले, की पहिला वाद तिथेच सुरू होतो. त्या वादात बहुतेक वेळा चौघींचेही बरोबर असते!

ते कसे? कारण "शेर म्हणजे किती ग्रॅम?" हा प्रश्नच अर्धा आहे. पुरा प्रश्न असा विचारावा लागतो: कोणता शेर? वजनाचा की मापाचा? कुठला आणि कोणत्या काळातला? आज मला सांगायचे आहे ते एवढेच. नाव तेच राहते आणि नावाखालचे माप बदलते. आणि जो विचारत नाही, त्याच्या पदरचे त्यात जाते.

आधी वजने घेऊ. सर्वांत लहान वजन गुंज. लाल अंगाची, काळ्या डोळ्याची ती सुंदर बी आपण सर्वांनी पाहिली आहे. (लहान मुलांच्या हाती ती देऊ नये, विषारी असते.) आठ गुंजांचा एक मासा, बारा मासे म्हणजे एक तोळा. पाच तोळ्यांची छटाक, दहा तोळ्यांचे अदपाव, वीस तोळ्यांचा पावशेर, चाळीस तोळ्यांचा अच्छेर आणि ऐंशी तोळ्यांचा शेर. पाच शेरांची पासरी, चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी. अदपावालाच नवटाक असेही म्हणतात. नवटाक म्हणजे नऊ टांक, शेराचा आठवा हिस्सा. म्हणून आठ नव्वे बहात्तर टांकांचा शेर. हा शब्द आज कोणत्या दुकानात जिवंत आहे, ते मी सांगायला नको!

या साऱ्या उतरंडीच्या पायाशी रुपया होता. १८३५ पासून कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेन वजनाचा निघू लागला आणि तितकाच पक्का तोळा धरला गेला. चांदीचा एक रुपया म्हणजे एक तोळा, ऐंशी रुपये म्हणजे एक शेर. घरात वजने नसली तरी रुपये पारड्यात टाकून वजन करता येई. आजच्या हिशेबाने हा तोळा ११.६६४ ग्रॅमचा, शेर ९३३.१ ग्रॅमचा आणि मण ३७.३२४ किलोचा.

पण हा झाला पक्का, म्हणजे बंगाली मण. मुंबईच्या व्यापारातला मण निराळाच. तो २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा, आणि त्याचेही चाळीस शेरच असल्यामुळे तो शेर जेमतेम ३१७ ग्रॅमचा. एकाच नावाखाली जवळजवळ तिपटीचा फरक! एखादीच्या घरी आजेसासऱ्यांची रोजकीर्द असेल आणि तिच्यात "गूळ पाच मण" असे लिहिलेले असेल, तर तो गूळ ६३ किलो होता की १८६ किलो, हे त्या एका ओळीवरून सांगता येणार नाही. तो माल मुंबईच्या पेढीशी संबंधित होता की गावच्या बाजाराशी, हे पाहावे लागेल. खंडीचेही तेच. मुंबईच्या मणाची वीस मणांची खंडी २५४ किलोंची, पक्क्या मणाची ७४६ किलोंची, आणि कापसाच्या बाजारात आजही ज्या खंडीवर भाव बोलतात ती ३५६ किलोंची. मण गुजरातेतल्या बाजारात आज वीस किलोंचा धरतात, आणि आपल्याकडे बोलताना चाळीस किलोंना मण म्हणणारेही भेटतात.

आता मापे. आपल्या गोंधळाचे मूळ खरे येथे आहे. धान्य खेड्यात तोलत नसत, मापत असत. दोन निळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. लक्षात आले ना? शेर, मण, खंडी ही नावे दोन्हीकडे आहेत. पण वजनाचा मण चाळीस शेरांचा आणि मापाचा मण बारा चोक अठ्ठेचाळीस शेरांचा! हा दुसरा शेर मुळी वजनच नाही; ते एक भांडे आहे. त्या भांड्यात काय भरले, यावर त्याचे वजन ठरते.

घरी करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. एका लिटरच्या भांड्यात तांदूळ सपाट भरा आणि तोला. आठशे ग्रॅमच्या आसपास भरेल. त्याच भांड्यात धने भरा. त्याच्या निम्म्याइतकेही भरणार नाहीत. पातळ पोहे भरा, त्याहूनही हलके. म्हणून "एक मापटे म्हणजे किती ग्रॅम?" याला एक उत्तर नाही. तांदळाचे एक, धन्यांचे दुसरे, पोह्यांचे तिसरे.

चकलीच्या भाजणीचे उदाहरण घ्या. सासूबाईंनी सांगितले: चार मापटी तांदूळ, दोन मापटी हरभऱ्याची डाळ, एक मापटे उडदाची डाळ आणि पाव मापटे धने. या कृतीत मापट्याचे ग्रॅम काढण्याची काही गरजच नाही. मापटे नसेल तर वाटी घ्या, पेला घ्या. प्रमाण तेच राहील. पण सुनेने कोष्टक पाहून "दोन मापट्यांचा शेर" असे धरले, वजनाच्या शेराचे ग्रॅम केले आणि सर्व जिन्नस काट्यावर तोलले, तर तांदूळ आणि डाळी बहुतेक जमून जातील, कारण त्यांचा भार जवळजवळ सारखा. धने मात्र दुपटीहून अधिक पडतील. चकली बिघडेल, आणि मग सासू म्हणेल सुनेने ऐकले नाही, सून म्हणेल सासूबाईंनी मुद्दाम चुकीचे सांगितले! खरा दोष दोघींचाही नसतो. मापाची कृती मापानेच करावी आणि वजनाची वजनानेच. एकाच कृतीत दोन्ही मिसळू नयेत. लोणच्यात शेरभर फोडींना पावशेर मीठ सांगितले असेल, तर किलोभर फोडींना पाव किलो मीठ घ्या. प्रमाण अचूक राहील.

मापांची ही तऱ्हा केवळ आपल्या काळातली नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. त्यांच्या घराण्याची हकीकत सांगणारा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, आणि ग्रंथाचे नाव त्यांच्या मुलीचे, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी नाणी, वजने आणि मापे यांच्या व्याख्या दिल्या आहेत, आणि हिशेब त्यानंतर सुरू केले आहेत. त्यांचा मासा पाच गुंजांचा आहे, आपला आठ गुंजांचा. एवढ्या मोठ्या गणितज्ञालाही "माझा मासा एवढा" असे आधी सांगावे लागले, यातच सर्व आले.

काही जणी म्हणतात, जुनी मापे आपली होती, आपल्या हाताची होती, ती गेली ते वाईट झाले. शब्दांपुरते मलाही तसेच वाटते. रास मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे, ही रीत मला फार गोड वाटते. पण ते माप कोणाच्या हातात होते, हेही पाहायला हवे. सुगीच्या दिवसांत कापणीला, खुडणीला जाणाऱ्या बायकांची मजुरी धान्यात मिळे. माप मालकाचे, मापणारा माणूस मालकाचा. रुंद तोंडाच्या मापावर शीग मोठी राहते, अरुंद तोंडाच्या मापावर लहान; आत मावणारे धान्य दोन्हींत सारखे असले तरी. घेताना शिगोशीग आणि देताना हात फिरवून सपाट, एवढ्यानेच पायलीमागे ओंजळ दोन ओंजळी इकडच्या तिकडे होत. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग काही उगीच रूढ झालेला नाही. ज्याच्याजवळ कोठार होते त्याला मापाच्या गोंधळाची झळ कमी लागे. जी बाई रोज संध्याकाळी चिपटे-मापटे धान्य घेऊन चूल पेटवी, तिला ती रोज लागे.

म्हणून सर्व देशात एकच वजन झाले, ही गोष्ट मी गरिबाच्या बाजूची मानते. १९५६ च्या डिसेंबरमध्ये संसदेने वजने-मापांचा कायदा केला. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम यायला सुरुवात झाली आणि १९६२ च्या एप्रिलपासून व्यवहारात जुनी वजने बंद झाली. या बदलात दर दुकानी एक प्रश्न उभा राहिला: शेराला एक रुपया भाव असेल, तर किलोला किती? हिशेबाने एक रुपया सात पैसे. ज्या गिऱ्हाइकाला हे करता येत होते, त्याने तेवढेच दिले. ज्याला येत नव्हते, त्याला दुकानदार सांगेल ते खरे. अपूर्णांक नेहमी कोणाच्या तरी पदरात पडतो. तो आपल्या पदरातून पडू नये एवढे पाहायचे.

त्यासाठी मोठे गणित लागत नाही. तीन सूत्रे पाठ करा. पहिले: सहा तोळे म्हणजे सत्तर ग्रॅम. दुसरे: पंधरा शेर म्हणजे चौदा किलो. तिसरे: तीन मण म्हणजे एकशे बारा किलो. तिन्हींत फरक राहतो तो अगदी नाममात्र. पंधरा शेरांत चार ग्रॅमसुद्धा नाही. मासा हा ग्रॅमहून किंचित लहान, छत्तीस माशांचे पस्तीस ग्रॅम. एवढ्यावर तुम्ही कोणतीही जुनी यादी उलगडू शकाल. अर्थात ती पक्क्या वजनाची आहे, एवढी खात्री करून.

यातले पहिले सूत्र सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यात सोने आहे. आज सराफकट्ट्यावर बोलताना तोळा म्हणजे दहा ग्रॅम असे धरतात. बिल ग्रॅममध्येच होते, त्यामुळे आज खरेदी करताना नुकसान नाही. नुकसान होते ते जुने कागद वाचताना. समजा, एका घरातल्या थोरल्या मुलीचे लग्न १९५५ साली झाले आणि धाकटीचे १९८५ साली. दोघींच्या याद्यांत "दहा तोळे" असेच लिहिले आहे. थोरलीचे दहा तोळे त्या काळच्या तोळ्याने ११६.६ ग्रॅम. धाकटीचे दहा ग्रॅमच्या तोळ्याने धरले असतील तर शंभर ग्रॅम. बाप सांगतो, "मी दोघींना सारखेच दिले." तो खोटे बोलत नाही, पण पारडे सारखे नाही. आणि थोरलीचे दागिने पुढे कोणाकडे ठेवायला दिले, मोडले किंवा वाटणीत आले, आणि "दहा तोळे म्हणजे शंभर ग्रॅम" असे म्हणून कोणी परत केले, तर सोळा ग्रॅमांहून अधिक सोने शब्दाच्या फटीतून निसटले. बारा तोळ्यांच्या दागिन्यांत ही फट वीस ग्रॅमची होते.

आणखी एक फसवी जागा आहे. यादीत "पाटल्या, ३ तोळे ६ मासे" असे लिहिलेले असते. आपण दशमानाला इतके सरावलो आहोत की ते ३.६ तोळे असे वाचतो. तोळ्याचे मासे बारा. म्हणून ते साडेतीन तोळे, म्हणजे ४०.८ ग्रॅम. कोणी ते पस्तीस ग्रॅम म्हणाले, कोणी छत्तीस म्हणाले, तरी दोन्ही कमीच.

ज्या १९५६ साली वजनांचा कायदा झाला, त्याच साली हिंदू वारसा कायदाही झाला आणि स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य झाली. दोन्ही कायदे एकत्र वाचावेत असे मला वाटते. मालकी मिळाली, पण ती किती वजनाची हे सांगता आले नाही, तर ती मालकी तोंडीच राहते. म्हणून प्रत्येकीने एक दुपार काढावी. घरातला प्रत्येक दागिना काट्यावर ठेवावा आणि वहीत वजन ग्रॅममध्ये लिहावे. खडे किंवा आत लाख असेल तर तसे नोंदवावे. जुन्या यादीतले तोळे-मासे शेजारी ठेवून पडताळून पाहावे. नवीन दागिना घेताना हॉलमार्क पाहावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरे-अंकांचा ओळखक्रमांक असावा लागतो, आणि तो बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो. हॉलमार्क शुद्धता सांगतो. वजन मात्र आपणच पाहून घ्यायचे आणि बिलावर लिहून घ्यायचे.

बाजाराविषयी थोडक्यात सांगते. काटा इलेक्ट्रॉनिक झाला म्हणून डोळे मिटू नयेत. वस्तू ठेवण्यापूर्वी काट्यावर शून्य आहे ना, ते पाहावे. मिठाईच्या भावात पुठ्ठ्याचा खोका तोलून घेऊ नये. काट्याची वर्षातून एकदा आणि वजनांची दोन वर्षांतून एकदा वैधमापन खात्याकडून पडताळणी व्हावी लागते. तिचा शिक्का किंवा प्रमाणपत्र विचारण्यात भांडखोरपणा नाही. तेलाच्या पिशवीवर '१ लिटर' की '१ किलो' ते वाचावे. तेल पाण्याहून हलके, लिटरभर तेल सुमारे ९१० ग्रॅमच भरते. पाकिटे आता हव्या त्या वजनाची निघतात. शेजारी शेजारी ठेवलेली दोन पाकिटे दिसायला सारखी, पण एकात ५०० ग्रॅम आणि दुसऱ्यात ४५० असू शकतात. म्हणून पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे छापलेली किंमत वाचून तुलना करावी. फसवणूक झाली असे वाटल्यास १९१५ या क्रमांकावर ग्राहकांची तक्रार घेतली जाते.

आणि एक गोष्ट नव्या आज्यांसाठी. आपल्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात नातवंड जन्मले की आपण पहिला प्रश्न करतो, "किती पौंडाचे?" पौंडात जरूर विचारा, पण किलोचा आकडा लक्षात ठेवा. अडीच किलोंच्या खाली वजन असेल तर बाळ कमी वजनाचे धरतात आणि त्याची निगा अधिक घ्यावी लागते. अडीच किलो म्हणजे साडेपाच पौंड. "पाच पौंड, म्हणजे छान आहे" असे म्हणून मोकळे होऊ नका. पाच पौंड म्हणजे सव्वादोन किलोच्या जवळपास.

जगातही मापाचा हा शोध संपलेला नव्हता. किलो म्हणजे किती, हे ठरवणारा मूळ धातूचा ठोकळा पॅरिसजवळ जपून ठेवला होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या ठोकळ्यावर न ठेवता निसर्गातल्या एका स्थिर राशीवर ठेवली गेली, कारण धातूचा ठोकळा काळाबरोबर अगदी कणभर का होईना, बदलतो. शास्त्रज्ञ कणभर फरकासाठी इतका जीव टाकतात, तर आपण वीस ग्रॅम सोन्यासाठी एक दुपार द्यायला हरकत नसावी.

शेवटी मंडळाला एक विनंती करते. आपल्यापैकी कित्येकींच्या घरी माळ्यावर एखादे जुने मापटे, चिपटे किंवा पायली पडून असेल. ते मोडीत घालण्यापूर्वी त्यात पाणी भरून किती मिलिलिटर मावते ते मोजा, तांदूळ सपाट भरून किती ग्रॅम भरतो ते तोला, आणि गावाचे नाव, सासरचे की माहेरचे, एवढे सर्व कागदावर लिहून मंडळाकडे द्या. ज्यांना ही मापे हाताळल्याचे आठवते, त्या आपल्या आजी आणि आत्या अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारून घ्या. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत आपल्या एका वस्तीतल्या पायल्यांची यादी छापता आली, तर महाराष्ट्राच्या किती कोपऱ्यांतून आपण येथे आलो हे तिच्यावरूनच दिसेल, आणि भाजणीचे वादही मिटतील. निदान ते कशावरून होतात, ते तरी कळेल!



कोष्टके

सोन्याची वजने
८ गुंजा = १ मासा = ०.९७२ ग्रॅम
१२ मासे = १ तोळा = ११.६६४ ग्रॅम

पक्की वजने
५ तोळे = १ छटाक = ५८.३ ग्रॅम
१० तोळे = १ अदपाव किंवा नवटाक = ११६.६ ग्रॅम
२० तोळे = १ पावशेर = २३३.३ ग्रॅम
४० तोळे = १ अच्छेर = ४६६.६ ग्रॅम
८० तोळे = १ शेर = ९३३.१ ग्रॅम
५ शेर = १ पासरी = ४.६६६ किलो
४० शेर = १ मण = ३७.३२४ किलो
२० मण = १ खंडी = ७४६.५ किलो

मुंबईचे वजन
१ मण = २८ पौंड = १२.७ किलो
२० मण = १ खंडी = २५४ किलो

धान्याची मापे (यांचे वजन धान्यावर अवलंबून)
२ निळवी = १ कोळवे
२ कोळवी = १ चिपटे
२ चिपटी = १ मापटे
२ मापटी = १ शेर
४ शेर = १ पायली
१२ पायल्या = १ मण
२० मण = १ खंडी

पाठ करण्याची सूत्रे (पक्क्या वजनांसाठी)
६ तोळे = ७० ग्रॅम
३६ मासे = ३५ ग्रॅम
१५ शेर = १४ किलो
३ मण = ११२ किलो